कोल्हिणीला कोल्हीण राहू दे

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा पटकथेचा चौथा खर्डाही. कोल्हिणीने बोलावं का, बोलली तर तोंड हलावं का, खरी कोल्हीण आणावी की संगणकावर करावी, मध्ये एखादा दुष्ट शिकारी घालावा का, असे प्रश्न तू विचारलेस. खरा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत, सहज आठवल्यासारखा लिहिलास. ज्या गोष्टीवरून तू पटकथा लिहितेयस, तिच्यात थंडीच्या तोंडावर आई वाढलेल्या पिल्लांना चावून हाकलून देते, ते निर्मात्याला नकोय. त्याऐवजी सगळे बिळात बिलगून झोपलेले दाखवले तर चालेल का?

नाही चालणार. बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही या एका नकारातच आहेत. कोल्हिणीला कोल्हीण राहू दे.

कोल्ह्यांमध्ये पिल्लं मोठी झाली की त्यांना आपापला मुलूख शोधावा लागतो. ज्याने ही गोष्ट लिहिली त्याने ते पाहिलं होतं, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. बिलगून झोपलेलं कुटुंब दाखवलंस की ती कोल्ह्याचं कातडं पांघरलेली माणसं होतात. तसले चित्रपट ढिगाने आहेत, त्यासाठी ही गोष्ट घ्यायची गरज नव्हती.

ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ तुझ्या हाडीमाशी भिनलंय, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. पुस्तक 1952चं, जाळं विणणारी एक कोळीण डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवते त्याची गोष्ट. त्याच्या चार वर्षं आधी त्यांनी आपल्या गोठ्यातल्या आजारी डुकराबद्दल एक लेख लिहिला होता. ते डुक्कर त्यांना वाचवता आलं नाही. कोळ्यांबद्दलही ते पुष्कळ वाचत होते, निरखत होते. आता त्या गोष्टीतला पेच बघ. डुकराचा जीव धोक्यात का? पाळलेली डुकरं मारली जातात म्हणून. कोळीण का मरते? अंडी घालून झाली की तिच्या जातीच्या कोळिणी मरतात म्हणून. अंडी किती, तर 514. बाहेरून आणलेला दुष्ट माणूस कुठेच नाही. सगळं दुःख आणि सगळी माया त्या प्राण्यांच्या देहातूनच येते. 2006 साली त्यावर चित्रपट झाला तेव्हा डुकराची पिल्लं खरी घेतली, कोळीण संगणकावर केली, पण तिचं मरण ठेवलं. तुझ्या निर्मात्याला हे सांग. लहान मुलं तो चित्रपट बघतात, रडतात, आणि पुन्हा लावायला सांगतात.

तू म्हणशील, तिथे तर प्राणी बोलतात. बोलू देत की! माझा राग बोलण्यावर नाही. ‘बेब’ या डुकराच्या पिल्लावरच्या चित्रपटातही बोलतात. डिक किंग-स्मिथ यांच्या 1983च्या पुस्तकावरून तो 1995 साली आला. डुकराचं पिल्लू झपाट्याने वाढतं, म्हणून त्या एका भूमिकेसाठी 48 पिल्लं वापरावी लागली. जोडीला यांत्रिक बाहुल्या होत्या, तोंडं संगणकावर हलवली होती. एवढा खटाटोप कशासाठी? शेवटी मैदानात एक डुक्कर मेंढ्या वळवतं आणि ते आपल्याला खरं वाटतं, त्यासाठी. ते जे बोलतं ते कळप, कुत्रे, आई, सुरी यांच्याबद्दल. डुकराला पडतील तेच प्रश्न त्याला पडतात. तुझी कोल्हीण चौथ्या खर्ड्यात ‘स्वतःला शोधायला हवं’ म्हणते. पोरी, हे तिला कुठून सुचलं? तिला भूक लागते, वास येतो, भीती वाटते. तिला कोल्हीण राहू दे.

माझी चूक तुला कधी सांगितली नाही. आता सांगतो.

गाढवाची एक जुनी गोष्ट आम्ही पडद्यावर आणत होतो. मालकाचा मुलगा गाव सोडून जातो आणि गाढव फाटकापाशी उभं राहतं, एवढाच प्रसंग. तो शॉट मिळायला दोन दिवस लागले. ट्रेनर थकला, कॅमेरामन चिडला, मग पाऊस आला आणि ते गाढव स्वतःहून थांबलं. पापण्यांच्या केसांना थेंब लोंबत होते. एक कान पुढे, रस्त्याकडे. दुसरा मागे, आमच्याकडे. चाळीस सेकंद. दूरवर गाडीचा आवाज झाला तसा मागचा कानही हळूहळू पुढे वळला. आम्ही कुणी श्वास घेतला नाही.

एडिटिंगच्या वेळी निर्माता म्हणाला, मुलं कंटाळतील, इथे संवाद हवा. मी लिहिला. ‘तो परत येईल ना?’ डबिंगही चांगलं झालं. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या पुढची सहा-सात वर्षांची मुलगी त्या शॉटला खुर्चीच्या कडेवर आली होती. संवाद आला आणि ती आईकडे वळून म्हणाली, ‘हे कोण बोललं?’ पुढे ती पुन्हा कडेवर आली नाही.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले होते. लोकांचे पैसे अडकले होते. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाकडून याहून वाईट ओळ लिहून घेतली असती. हे सगळं खरं आहे आणि आजही मी ते स्वतःला सांगतो. पण ती ओळ माझ्या हातची आहे. त्यानंतर प्राण्यांच्या दोन गोष्टी माझ्याकडे आल्या. दोन्ही वेळा मी आधीच सांगितलं की बिनसंवादाचे शॉट तसेच राहतील, आणि दोन्ही कामं गेली. लोक हेकट म्हणाले. म्हणू देत, मला त्याचा पस्तावा नाही.

‘द बेअर’ पुन्हा बघ. जेम्स ऑलिव्हर करवुड यांची 1916ची कादंबरी, त्यावर जाँ-जाक आनो यांचा 1988चा चित्रपट. माणसांचे संवाद अगदी थोडे, अस्वलं एक शब्द बोलत नाहीत. आई गेलेलं पिल्लू आणि जखमी मोठा नर, एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे. तिथे कॅमेऱ्याची उंची बघ. तुझ्या खर्ड्यात कॅमेरा कुठे आहे ते मला कळलंच नाही, माणसाच्या डोळ्यांपाशी असावा. खाली आण त्याला, गवतात.

खरी की संगणकावरची, हे तंत्राचं आणि पैशाचं गणित आहे, त्यात फार अडकू नकोस. जिवंत जनावराला त्रास होणार असेल तिथे बेलाशक संगणक वापर. फक्त त्याला माणसाच्या भुवया देऊ नकोस. कोल्हीण बर्फाखालचा उंदीर ऐकते. मान तिरकी करते, दोन्ही कान एका बिंदूवर रोखते, मग उंच उडी घेऊन नाकावर उतरते. या हालचालीत जेवढं आहे तेवढं तुझ्या तीन पानी स्वगतात नाही. रागावू नकोस, ते स्वगत चांगलं लिहिलंयस. म्हणूनच सांगतोय, काढ.

शिकारी नको. थंडी आहे ना!

आणि निर्मात्याशी भांडायला जाताना तत्त्वं घेऊन जाऊ नकोस, प्रसंग घेऊन जा. आई पिल्लाला चावते तो प्रसंग नव्याने लिही, एकही संवाद न घालता. आई पहिल्यांदा चावल्यावर पिल्लू खेळ समजून परत येतं का, दुसऱ्यांदा किती अंतरावर थांबतं, तिचे कान तेव्हा कुठे असतात, हे सगळं लिही. रविवारपर्यंत मला पाठव. पाचवा खर्डा त्यानंतर.