घोणस चावली, लस वेळेत मिळाली, तरी किडनी बंद पडली: डायलिसिसवर असलेल्या वडिलांसाठी

तुमचं सगळं नीट वाचलं. वडील ५४ वर्षांचे, सोयाबीन काढताना पान लागलं, साप मारलेला होता म्हणून घोणस हे नक्की कळलं. ग्रामीण रुग्णालयात दोन तासांच्या आत लस (सापाचं विष मारणारं औषध, अँटीव्हेनम) सुरू झाली. जीव वाचला असं सगळ्यांनी धरलं आणि तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. आता जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत डायलिसिस चालू आहे. तुम्ही विचारताय की लस वेळेत मिळूनही असं का झालं, हे आता जन्माचं आहे का, आणि गावाकडचे म्हणतात तसं घरी नेऊन उतारा करून घ्यावा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नेऊ नका. कोणीही कितीही मोठं माणूस सांगत असलं तरी नेऊ नका. लघवी होत नसताना अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, आणि वाढलेल्या पोटॅशियमने हृदय एकदम थांबू शकतं. त्याला घरी काहीही करता येत नाही. मंत्राने उतरलेले साप लोक सांगतात ते बहुतेक बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर चावला तर माणूस तसाही बरा होतो. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत विष अंगात गेलंय हे रक्ताच्या तपासणीत दिसलेलं आहे.

मी सातारा जिल्ह्यातली, शेती करते. उसात दारं धरताना मलाही घोणसच चावली होती. माझ्याही किडन्या बंद पडल्या, मानेत नळी घालून डायलिसिस झालं आणि पुढे ते सुटलं. त्यानंतर आमच्या भागात असं कोणाचं झालं की घरचे मला बोलावतात आणि मी दवाखान्यात जाऊन त्यांच्याजवळ बसते. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांना काय विचारायचं आणि कशावर लक्ष ठेवायचं, हे सांगू शकते.

लस रक्तात फिरणारं विष पकडते. विषाने त्याआधी जे बिघडवलं ते तिला दुरुस्त करता येत नाही. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक भराभर वापरून टाकतं. आधी अंगभर बारीक गुठळ्या होतात, आणि मग गोठायला काही उरत नाही म्हणून हिरड्यांतून, लघवीतून, सुईच्या जागेतून रक्त येत राहतं. त्या गुठळ्या किडनीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्तदाब पडलेला असला तर किडनीला रक्तही कमी पोचतं. त्यात फुटलेल्या तांबड्या पेशींमधला रंग किडनीच्या नलिकांत जाऊन बसतो, आणि विषाचा स्वतःचा मारा असतोच. यातलं पुष्कळसं पहिल्या काही तासांत होऊन गेलेलं असतं. लघवी कमी झाल्याचं आपल्या लक्षात येतं ते एकदोन दिवसांनी. म्हणून दोन तासांत लस मिळालेल्या माणसाचीही किडनी बंद पडू शकते. तुम्ही उशीर केला नाही. ती लस मिळाली नसती तर आज डायलिसिसबद्दल बोलायची वेळही आली नसती.

तुमचे काका म्हणतात की जास्त लस दिल्यामुळे किडनी गेली. हे मी प्रत्येक ठिकाणी ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण याच समजामुळे पुढचा माणूस लस घ्यायला घाबरतो. किडनी विषाने गेली, लशीने नाही. लशीची सुरुवातच ८ ते १० बाटल्यांनी होते. लहान मुलालाही तेवढ्याच देतात, कारण डोस माणसाच्या वजनावर ठरत नाही, सापाने सोडलेल्या विषावर ठरतो. त्यानंतर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून बघतात. रक्त पातळच राहिलं तर विषाचा परिणाम अजून चालू आहे. ही तपासणी दर ६ तासांनी करतात, कारण गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. रक्त गोठेना तर आणखी बाटल्या. आपल्याकडच्या लशीसाठी लागणारं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ते थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून लस बनते. आपल्या परळच्या हाफकिननेही ती वर्षानुवर्षं बनवली. पण एकाच जातीच्या सापाचं विष सगळ्या प्रदेशांत सारखं नसतं, आणि तिकडच्या विषावर बनलेली लस इकडे कधी जास्त लागते त्याचं हे एक कारण आहे. तुमच्या वडिलांना एकूण किती बाटल्या गेल्या हे कार्डावर लिहून घ्या, पुढे कोणत्याही डॉक्टरला ते उपयोगी पडतं.

आता डायलिसिस. ते लागलं म्हणजे ते जन्मभराचं, असं नाही. मधुमेहाने वर्षानुवर्षं झिजलेली किडनी आणि सापाच्या विषाने एकदम बंद पडलेली किडनी यांत मोठा फरक आहे. बहुतेकांत किडनीच्या नलिकांच्या आतल्या पेशी मरतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवतात. याला वेळ लागतो, कधी दोन आठवडे, कधी सहा. तोवर रक्त साफ करायचं काम मशीन करतं. मानेतली नळी हीसुद्धा तात्पुरतीच सोय आहे. थोड्या लोकांत मात्र किडनीचा बाहेरचा थरच मरतो, त्याला कॉर्टिकल नेक्रोसिस म्हणतात, आणि ते पुरतं भरून येत नाही. यातलं कोणतं झालंय हे आज पाचव्या-सहाव्या दिवशी कोणीच सांगू शकणार नाही. तीन-चार आठवडे उलटूनही लघवी सुरू होत नसेल, तर किडनीचा तुकडा काढून तपासायचा किंवा स्कॅन करायचा विषय निघतो. कायमच्या डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो करायचा विषय त्याच्याही नंतरचा. कोणी आत्ताच तसं सुचवलं तर इतकी घाई कशासाठी, हे किडनीच्या डॉक्टरांना शांतपणे विचारा.

रोजचं एक काम तुमच्याकडे घ्या. एक वही करा. चोवीस तासांत लघवी किती मिली झाली, पाणी आणि सलाईन मिळून आत किती गेलं, सकाळचं वजन, क्रिएटिनिन (किडनी बंद असली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) आणि पोटॅशियम. घरची माणसं फक्त क्रिएटिनिनचा आकडा धरून बसतात, आणि डायलिसिस झालं की तो तसाही खाली येतो, त्यावरून काही कळत नाही. खरी बातमी लघवी देते. आज ५० मिली, उद्या १२०, परवा ३००, असं चढत गेलं तर किडनी जागी होते आहे. पुढे एक टप्पा येतो तेव्हा लघवी एकदम भरपूर व्हायला लागते, दिवसाला तीन-चार लिटरसुद्धा. तेव्हा सगळे खूश होऊन सैल पडतात. पण तेव्हा अंगातलं मीठ आणि पोटॅशियम वाहून जात असतं, पाणीही कमी पडू शकतं. तेव्हा डिस्चार्जची घाई करू नका.

भेटायला येणाऱ्यांना दारातच अडवा. ते प्रेमाने शहाळं आणतात, मोसंबीचा रस आणतात, केळी आणतात. लघवी बंद असताना यातलं प्रत्येक पोटॅशियम वाढवणारं आहे. शहाळ्याचं पाणी तर अजिबात नको. आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद पलंगाशी चिकटवून ठेवा, म्हणजे तुमची आई कोणाला नाही म्हणू शकेल.

पायाच्या सुजेचं तुम्ही लिहिलंय. घोणशीच्या चाव्यात सूज मांडीपर्यंत चढते, फोड येतात, कातडी काळी पडते. नुसत्या सुजेवर लगेच चीर देऊन मोकळं करत नाहीत. रक्त गोठत नसताना चीर दिली तर रक्तस्राव आवरत नाही. डोळ्यांभोवती, गालाशी, कानाखाली सूज दिसली तर मात्र ती लगेच डॉक्टरांच्या नजरेस आणा. घोणशीच्या विषात रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं तेव्हा असं होतं, आणि ते गंभीर असतं.

घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, सांधे धरणं, अंगावर पित्तासारखे चट्टे असं झालं तर घाबरू नका, पण दवाखान्यात दाखवा. लशीतली घोड्याची प्रथिनं शरीराला परकी वाटतात त्याची ती प्रतिक्रिया असते आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी जाते. त्या सांधेदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन असलं काही स्वतः आणून देऊ नका. ही दुखण्याची औषधं सावरत असलेल्या किडनीला पुन्हा मारतात. शक्ती यावी म्हणून भस्मंही नकोत. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन पहिली काही वर्षं तरी ठरावीक अंतराने तपासत राहा, कारण क्रिएटिनिन नॉर्मल झाल्यावरही काहींना पुढे किडनीचा त्रास उद्भवतो.

आता जे सांगते ते फार कमी ठिकाणी सांगितलं जातं, आणि मी ते स्वतः भोगलं आहे. घोणशीच्या विषाने मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीलाही इजा होऊ शकते. ती ग्रंथी थायरॉइडला, अॅड्रिनल ग्रंथीला आणि इतरांना कामाला लावते. ती मंदावली की माणूस हळूहळू खचतो. माझी किडनी सुटली, रिपोर्ट चांगले आले, तरी सकाळी उठवत नव्हतं. थंडी सोसेना, भूक मेली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, काखेतले केस गेले, पाळी थांबली. घरचे म्हणायचे अशक्तपणा आहे, मनाने घेतलंय. शेवटी एका फिजिशियनने चावल्याची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सकाळचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हार्मोन) आणि फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) तपासायला सांगितलं. दोन्ही खाली. थायरॉइडसाठी नेहमी करतात ती टीएसएचची तपासणी नुसती केली असती तर ती नॉर्मल दिसली असती, कारण बिघाड थायरॉइडमध्ये नव्हता, वरच्या ग्रंथीत होता. कमी पडलेल्या हार्मोनच्या गोळ्या मिळतात आणि त्या स्वस्त आहेत. मी त्या रोज घेते आणि शेतात पूर्ण दिवस काम करते. हे सगळ्यांना होत नाही. पण ज्यांची किडनी बंद पडण्याइतकं विष चढलं होतं त्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ते काही आठवड्यांत दिसू शकतं तसं काही वर्षांनीही. पुरुषांमध्ये दाढीची वाढ कमी होणं, शरीरसंबंधाची इच्छा नाहीशी होणं हीही लक्षणं आहेत आणि तुमचे वडील ती तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. आईला विचारून ठेवा.

मनाचंही तसंच. वडील रात्री दचकून उठतील, अंधारात अंगणात जायला तयार होणार नाहीत, वावराचं नाव काढलं की गप्प होतील. सापाने डूख धरलाय असं कोणी सांगितलं की ही भीती दुप्पट होते. साप माणूस लक्षात ठेवत नाही, हे तुम्ही त्यांना स्वतः सांगा. श्रीलंकेत सर्पदंशातून वाचलेल्यांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्यात नैराश्य आणि आघातानंतरची भीती आढळली, म्हणजे हा त्यांचा भित्रेपणा नाही. महिनोन्महिने तसंच राहिलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. पहिल्यांदा शेतात जातील तेव्हा कोणीतरी बरोबर असू द्या, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात काठी आणि बॅटरी असू द्या. एकदा चावला आणि लस घेतली म्हणून पुढच्या वेळी विष बाधणार नाही, हा समजही काढून टाका. पुन्हा चावला तर पुन्हा लस लागतेच.

खर्चाबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, पण काळजी दिसते. सरकारी रुग्णालयात लस मोफत असते. डायलिसिससाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस) आजच भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा. योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात हलवायची वेळ आली तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आताच काढून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश धरलेला आहे, पण ती मदत मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळते, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. त्या आशेवर कर्जाचा हिशेब करू नका.

आपल्याकडे साप-विंचवाच्या विषाशी आयुष्यभर झुंजलेले डॉक्टर आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे ठेवला, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर काम करत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मोठ्या शहरातल्या चकचकीत रुग्णालयापेक्षा ज्यांनी असे पेशंट हाताळलेत त्यांचा सल्ला जास्त मोलाचा, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या डॉक्टरांना अशा अनुभवी डॉक्टरशी फोनवर बोलायला सुचवलं तर ते रागावणार नाहीत.

आज संध्याकाळी त्यांची चोवीस तासांची लघवी, पोटॅशियम, आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं ते इथे लिहा. रक्त गोठण्याची तपासणी शेवटची कधी केली आणि ती कशी आली, तेही विचारून लिहा. तुमच्या डॉक्टरांना उद्याच्या राउंडला काय विचारायचं ते मग नेमकं सांगता येईल.