त्याच रात्री लिही

प्रिय पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार पानं, तीन प्रश्न आणि शेवटी एक खोडलेली ओळ. ती ओळ मी उजेडात धरून वाचली, राग मानू नकोस. "सर, हा विषयच सोडून देऊ का?" असं होतं तिथे. कत्तलीच्या काळात दुसऱ्यांना वाचवणारी माणसं, चीनमधल्या नानजिंगची आणि आपल्या मराठवाड्यातली, हा तुझ्या प्रबंधाचा विषय. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. नाहीतर तुझ्या पहिल्या प्रश्नावर मी शाई खर्च केली नसती.

तू विचारतेस, जॉन राबे नाझी पक्षाचा सभासद होता, मग प्रबंधात त्याला थोर म्हणायचं की नाही? अगं, थोर म्हण असं तुला सांगितलंय कुणी? १३ डिसेंबर १९३७ ला चीनची तेव्हाची राजधानी नानजिंग जपान्यांच्या हाती पडली आणि कत्तल, बलात्कार सुरू झाले. ऐपत होती ते आधीच निघून गेले होते. सीमेन्स कंपनीचा हा जर्मन माणूस थांबला. मूठभर परदेशी लोकांनी शहराचा जेमतेम चार चौरस किलोमीटरचा तुकडा 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केला, राबे त्या समितीचा अध्यक्ष झाला, आणि तेवढ्या जागेत दोन लाखांहून जास्त माणसं शिरली. त्याच्या स्वतःच्या आवारात सहाशेच्या वर. विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून अंगणात नाझी झेंडा पसरलेला. ज्या झेंड्याखाली त्याच्या देशात ज्यूंना देशोधडीला लावत होते, त्याच्याच आधाराने इथे चिनी बाया लेकरं घेऊन निजत होत्या. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिही आणि पुढे चल.

तू पाहायला हवं ते वेगळंच आहे. दिवसभर सैनिकांना फाटकातून हाकलून हा माणूस रात्री काय करायचा? डायरी लिहायचा. ज्या रात्री घडलं, त्याच रात्री. समितीचा सचिव लुईस स्माइथ समाजशास्त्राचा प्राध्यापक. तो जवळपास रोज जपानी वकिलातीत तक्रार नेऊन द्यायचा, एकेका प्रकरणाला क्रमांक घालून. तिथे कुणी वाचत नाही हे त्याला कळत नव्हतं असं वाटतं का तुला? जॉन मॅगी या पाद्र्याने दवाखान्यातल्या जखमींवर कॅमेरा धरला आणि ती फिल्म दुसऱ्याने कोटाच्या अस्तरात शिवून शहराबाहेर काढली. आणि तुझे गाईड म्हणतात, तोंडी गोष्टीला पुरावा काय! पुरावा आभाळातून पडत नसतो, सांग त्यांना. कुणीतरी दमून आल्यावर झोप मोडून लिहितं, मग साठ वर्षांनी तो पुरावा होतो. राबेच्या डायऱ्या जगासमोर आल्या १९९६ मध्ये. तो १९५० सालीच गेला होता. जर्मनीत परतल्यावर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला धरून गप्प केलं, युद्धानंतर नाझी म्हणून वेगळी चौकशी झाली, खायचे वांधे झाले. तेव्हा नानजिंगच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला पैसे आणि अन्न पाठवलं. साल १९४८. हे साल लक्षात ठेव, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

अमेरिकन मिशनरी मिनी वॉट्रिनचं तर तू एका परिच्छेदात उरकलंयस. नानजिंगच्याच गिनलिंग महिला महाविद्यालयात तिने दहा हजारांपर्यंत बाया-लेकरं ठेवली, हे तुझ्या टिपणात आहे. २४ डिसेंबर कुठे आहे? त्या दिवशी जपानी अधिकारी शंभर वेश्या मागायला आले. बाकीच्या पोरी वाचतील या आशेने तिने निवड करू दिली. एकवीस नेल्या. हे आपल्याला कळतं कुठून? तिच्याच डायरीतून. तिने स्वतःच लिहून ठेवलं. राबेनेही लिहिलं, की शस्त्रं टाका, जीव वाचेल असा भरवसा आपण चिनी सैनिकांना दिला, आणि जपान्यांनी त्यांना ओढून नेऊन मारलं. स्वतःचं काळं पान त्याच रात्री लिहायचं, सकाळी माणूस शहाणा होतो आणि शब्द बदलतो. वॉट्रिन पुढे खचली. मायदेशी परतली आणि १९४१ च्या मे महिन्यात तिने स्वतःचा जीव घेतला. वाचवणारी माणसं सुखरूप सुटतात असं समजू नकोस.

आता तुझ्या आजीचं. तुझे चुलते म्हणतात, "रझाकारांनी आपलं घर जाळलं तेवढं लिही, पुढचं कशाला उकरतेस?" घर जाळलं ते लिहिच. माणसं रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडे पळाली, ते लिही. पण १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांत निजाम भारतीय फौजेला शरण आला, आणि त्यानंतर आपल्या गावागावांत मुसलमानांचं काय झालं, तेही त्याच वहीत. भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती त्याच हिवाळ्यात फिरली. मेलेल्यांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार, आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्याच अहवालात हेही आहे, की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं. पण कुठल्या घरात, किती जण, किती दिवस? ते अहवालात मावत नाही. ते तुझ्या आजीजवळ आहे.

माझं सांगतो, म्हणजे एवढा का तडकतोय ते कळेल. १९८४ साल असेल. मी नवा मास्तर, सायकलवर गावोगाव फिरून मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करायचो. कळंबच्या बाजूला एका गावात एक म्हातारी भेटली. १९४८ ला स्वतः रझाकारांच्या भीतीने महिनाभर बार्शीला राहून आलेली, गावात परत येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, आणि तिने मुसलमान पिंजाऱ्याचं अख्खं घर आपल्या बळदात, धान्याच्या कोठारात, लपवलं. भादव्यात बळदं रिकामीच असतात. वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. भाकरी द्यायची तर धान्य काढायच्या भोकातून. लेकरू रडू नये म्हणून त्याला... इथे ती थांबली. शेजारी बसलेले एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले, "मास्तर, ते राहू द्या, ते आपल्या कामाचं नाही." आणि मी पेनाला टोपण लावलं.

भ्यालो नव्हतो मी. खरंच नव्हतो. मला स्वातंत्र्यसैनिकांची यादी पुरी करायची होती, तिथे सत्कार ठरला होता, गावाला दुखवून पुन्हा त्या दारात उभं कसं राहायचं असा विचार होता. तो विचार आजही मला सगळाच चुकीचा वाटत नाही. पण रात्री मुक्कामाला कंदील होता, वही होती. कुणी अडवायला नव्हतं. म्हटलं, डोक्यात आहे, सावकाश लिहू. दोन वर्षांनी गेलो तर म्हातारी नव्हती आणि बळद पाडून तिथे सिमेंटचं घर उभं होतं. आत सात माणसं होती की नऊ? ते लेकरू जगलं का? चाळीस वर्षं मी कधी सात म्हणतो, कधी नऊ. भाषणांत दोन्ही सांगून झालंय माझं.

तर थोर कोण, नाझी कोण, गाईड काय म्हणतात, याच्यावर नंतर भांडू, मला भांडायला आवडतं. येत्या रविवारी गावी जा. चुलत्यांशी वाद घालू नकोस, ते शेतात गेले की आजीजवळ बस, तिच्या हातची सुपारी कातरून दे. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर कर, पण आधी तिला विचारून. आणि रेकॉर्ड झालं म्हणजे लिहून झालं असं नाही. माणसं कुठे लपवली, बळदात असतील तर त्याचं तोंड कुठल्या भिंतीत होतं, पेंढ्या कुणी रचल्या, भाकऱ्या किती लागायच्या. भाकऱ्यांवरून माणसं मोजता येतात, हे मला फार उशिरा सुचलं. ती गप्प झाली तर तूही गप्प बस, टोपण मात्र लावू नकोस. नावं छापायची की झाकायची ते पुढे बघू. वहीत खरी असू देत.

आणि त्याच रात्री लिही. लाईट गेली तर चिमणी लाव. लिहून झालं की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. पहिला आकडा सांग.

तुझे सर