वयावरून इयत्ता : ब्रिटनमधील शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही येत्या जुलैमध्ये इंग्लंडला जात आहोत. मुलीला नोव्हेंबरमध्ये दहावे वर्ष पूर्ण होईल, तर धाकटा मुलगा ऑगस्टच्या मध्याला चार वर्षांचा होईल. त्यांना कोणत्या इयत्तेत बसवतील? मुलीची प्रवेशपरीक्षा घेतील काय? आणि विद्यापीठापर्यंतचा पुढचा मार्ग कसा असतो?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या गुणपत्रिकेत नसून जन्मतारखेत आहे. ३१ ऑगस्टला मुलाचे जे वय भरते त्यावरून इंग्लंडमध्ये त्याची इयत्ता ठरते, आणि सरकारी प्राथमिक शाळेत त्यासाठी परीक्षा घेतली जात नाही. त्यामुळे आपली मुलगी सप्टेंबरमध्ये ‘इयर फाइव्ह’मध्ये बसेल आणि मुलगा ‘रिसेप्शन’ या पहिल्याच वर्गात. तो पंधरवडाभर उशिरा, म्हणजे सप्टेंबर उजाडल्यावर जन्मला असता, तर त्याला पूर्ण वर्ष थांबावे लागले असते. शिक्षणाची कायदेशीर सक्ती मात्र पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून सुरू होते. म्हणून उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलण्याची विनंती पालकांना करता येते. परंतु वर्षभराने त्याला रिसेप्शनमध्येच घ्यायचे की थेट ‘इयर वन’मध्ये बसवायचे, हे प्रवेश देणारी यंत्रणा ठरवते, तेव्हा तिचे उत्तर आधी लेखी मिळवावे.

वार्षिक परीक्षेत नापास झाले म्हणून मूल त्याच वर्गात राहिले, असे तिथे सहसा घडत नाही. आपल्याकडून गेलेल्या पालकांना याचे आधी हायसे वाटते आणि मग चुटपुट लागते, कारण वर्गात कितवा क्रमांक आला हे कोणी सांगत नाही. इयर सिक्सच्या मे महिन्यात ‘सॅट्स’ नावाच्या चाचण्या होतात, पण माध्यमिक शाळेतला प्रवेश त्यांच्या गुणांवर अवलंबून नसतो. मुलांपेक्षा शाळेचीच ती परीक्षा असते, असे म्हटले तरी चालेल.

माध्यमिक शाळेसाठी इयर सिक्समध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा असतो आणि १ मार्चच्या सुमारास शाळा कळते. मागणी जास्त असलेल्या शाळेत पुष्कळदा घरापासूनचे अंतर निर्णायक ठरते, म्हणून घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या पत्त्यावरून कोणत्या शाळेत प्रवेश मिळू शकतो, हे पाहणे शहाणपणाचे. याला मोठा अपवाद ग्रामर शाळांचा. इंग्लंडमध्ये अशा १६३ सरकारी शाळा उरल्या आहेत. केंट आणि बकिंगहॅमशायर या परगण्यांत त्या विशेष आढळतात. तिथे ‘इलेव्हन प्लस’ ही निवडपरीक्षा द्यावी लागते. ती बहुधा इयर सिक्सच्या आरंभी, सप्टेंबरमध्ये असते आणि नावनोंदणी त्याआधीच संपते; म्हणजे आपल्या मुलीच्या हाती तिथे गेल्यापासून जेमतेम वर्ष आहे.

इयर इलेव्हनच्या शेवटी, सोळाव्या वर्षी, जीसीएसईची परीक्षा येते. साधारण आठ ते दहा विषय असतात आणि प्रत्येकाला ९ ते १ अशी श्रेणी मिळते, त्यांत ९ सर्वांत वरची. एकूण टक्केवारी काढली जात नाही. इंग्रजी किंवा गणितात ४ पेक्षा कमी श्रेणी आली, तर पुढचे शिक्षण चालू असताना त्या विषयाचा अभ्यास पुन्हा करावा लागतो.

यानंतरचे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ए लेव्हल या विद्यापीठापूर्वीच्या परीक्षेसाठी विद्यार्थी दोन वर्षे बहुधा तीनच विषय शिकतो, आणि ते कोणते असावेत हे तो स्वतः निवडतो. रसायनशास्त्र सोडलेल्या मुलाला वैद्यकीय शिक्षणाची बहुतेक दारे बंद होतात. गणित सोडलेल्याला अभियांत्रिकीचे तेच. शास्त्र, वाणिज्य, कला अशा शाखांचे साचे नसल्यामुळे गणित, इतिहास आणि फ्रेंच असे त्रिकूटही चालते, परंतु त्या मोकळीकीची किंमत कोवळ्या वयात मोजावी लागते. म्हणून घरातली ही चर्चा जीसीएसईच्या निकालापर्यंत लांबवू नये.

विद्यापीठांसाठी यूकास या संस्थेमार्फत एकच अर्ज करून पाच पसंती देता येतात. वैद्यकीय शाखेसाठी मात्र चारच, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकच निवडता येते. या दोन्ही प्रकारच्या अर्जांची मुदत ऑक्टोबरच्या मध्यालाच संपते. शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींवर विद्यापीठे सशर्त प्रवेश देऊ करतात आणि ऑगस्टमध्ये निकाल लागला की ती अट पुरी झाली की नाही ते कळते. पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि निवडलेला विषय पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

प्रश्न : पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा ना?

उत्तर : इंग्लंडमध्ये नेमके उलट. १४४० मध्ये स्थापन झालेल्या ईटनसारख्या जुन्या, भरमसाट शुल्काच्या खासगी शाळांना हे नाव आहे. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅटही लागतो. फुकट शिक्षण देणाऱ्या सरकारी शाळेला ‘स्टेट स्कूल’ म्हणतात.

प्रश्न : स्कॉटलंडमध्येही हीच पद्धत आहे काय?

उत्तर : नाही. तिथे प्राथमिकची सात आणि माध्यमिकची सहा वर्षे असतात. जीसीएसईच्या जागी ‘नॅशनल फाइव्ह’ असते, त्यापुढे ‘हायर’, आणि ऑनर्स पदवी चार वर्षांची.

प्रश्न : मुले तिथल्याच शाळेत शिकली, तर विद्यापीठात स्थानिक शुल्क लागेल ना?

उत्तर : केवळ शाळा तिथली असून भागत नाही. इंग्लंडमधील विद्यापीठांत स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीशुल्काची वार्षिक कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती, तर परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्काला अशी मर्यादाच नाही. स्थानिक शुल्काच्या नेहमीच्या नियमानुसार अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याकडे कायम वास्तव्याची परवानगी असावी लागते आणि त्याआधीची तीन वर्षे त्याचे वास्तव्य तिथे असावे लागते. इतर काही गटांसाठी वेगळे नियम आहेत. परंतु आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेले मूल दहा वर्षे तिथल्या शाळेत शिकले, तरी तेवढ्यावरून ते आपोआप स्थानिक ठरत नाही.