ड्रुपल या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशित लेखात बदल करताना मंजुरीपर्यंत वाचकांना जुनाच मजकूर कसा दाखवायचा?

कंटेंट मॉडरेशन हे मॉड्यूल (जोडसुविधा) सुरू करा, एडिटोरियल वर्कफ्लो (मसुद्यापासून प्रकाशनापर्यंतचे टप्पे) तुमच्या लेखांच्या प्रकाराला जोडा आणि बदल ‘ड्राफ्ट’ स्थितीत सेव्ह करा. प्रकाशित लेख जागचा हलणार नाही. लेखाची दुसरी प्रत मात्र करू नका, दोन पत्ते आणि दोन मजकूर सांभाळत बसावं लागतं. हे मॉड्यूल ड्रुपलच्या 2018 मधल्या 8.5 आवृत्तीपासून कोअरमध्ये, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच, स्थिर आहे, वेगळं डाउनलोड नको. ड्रुपल प्रत्येक सेव्हला नवी रिव्हिजन (लेखाची त्या वेळची प्रत) ठेवतं, पण वाचकाला दिसते ती ‘डीफॉल्ट’ ठरवलेली रिव्हिजन. समजा, 41 क्रमांकाची रिव्हिजन प्रकाशित आहे आणि तुमचा मसुदा 42 आहे: वाचकाला 41 दिसते, संपादकाला लेखावर ‘लेटेस्ट व्हर्जन’ हा टॅब मिळतो. 42 ‘पब्लिश्ड’ केली की तीच डीफॉल्ट होते आणि 41 इतिहासात राहते. संपादकांना हा टॅब आवर्जून दाखवा, नाहीतर ‘माझे बदल गेले कुठे?’ अशी विचारणा हमखास होते.

एक मर्यादा आहे: लेखाचा यूआरएल आणि मेन्यूतली जागा मसुद्यातून बदलता येत नाही. तो बदल प्रकाशित करतानाच करा.