साखळी-यंत्र करताय? शेवटाकडून सुरुवात करा

ताई, सातवीच्या मुलांना घेऊन साखळी-यंत्र, म्हणजे एका टप्प्याने पुढचा टप्पा आपोआप सुरू होतो असं यंत्र, करताय हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या खेपेला तीनच टप्पे ठेवा: उतरण, तरफ, कप्पी. पाचर, मळसूत्र नंतर बघू.

सगळे पहिल्या टप्प्यापासून जोडत जातात आणि तिथेच फसतात. शेवटाकडून मागे या. घंटा वाजवायची असेल तर आधी मुलांनी हाताने दोरी ओढून किती जोर लागतो ते अनुभवू दे. मग त्याआधीचा टप्पा. एक टप्पा सलग दहा वेळा चालल्याशिवाय दुसरा जोडू नका.

सामान वाडीतच मिळेल. चिरून पोखरलेलं पोफळीचं खोड म्हणजे तयार उतरण! पण तिच्यावरून सुपारी सोडू नका, वाकडी पळते, गोटीच घ्या. कप्पीवरच्या दोरीच्या एका टोकाला करवंटी टांगा, गोट्या पडून ती जड झाली की खाली जाते, दोरीचं दुसरं टोक वर.

आणखी दोन गोष्टी:
- पावसाळ्यात पुठ्ठा सादळतो. तरफेला बांबूची कांब घ्या.
- टेकू आधीच चिकटवू नका. मुलांना सरकवून बघू द्या, तरफ तिथेच कळते.

यंत्र अडकलं की तुम्ही हात लावू नका. "कुठे थांबलं?" एवढंच विचारा.