इकडं थेंब नाही, तरी नाथसागर भरतोय कसा?

प्रश्न : पैठणला ऊन पडलंय, सोयाबीन माना टाकतंय आणि जायकवाडी धरणाची, म्हणजे नाथसागराची लेव्हल मात्र वाढतेय, हे कसं काय?

उत्तर : अहो, गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण दख्खनचा उतार पूर्वेकडं, म्हणून बाई १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो, आपण पडलो पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात! नाशिककडची धरणं भरली की पाणी सुटतं, प्रवरा-मुळा नद्यांचंही येतं, मग जायकवाडी फुगतं. १९६५ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी धरणाची पायाभरणी केली, १९७६ला उद्घाटन. सातवाहनांची राजधानी इथंच पैठणला, गोदाकाठी होती ती काय उगाच? येणारं पाणी मात्र गढूळ, चहाच्या रंगाचं.