शाळेतल्या समुपदेशनाने मुलांची नैतिक जाण खरंच वाढते का?

वाढते, पण ‘नेहमी खरे बोलावे’छाप भाषणांनी नाही. अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ मिशेल बोर्बा यांनी नैतिक बुद्धिमत्तेचे (म्हणजे बरं-वाईट ओळखून तसं वागण्याच्या क्षमतेचे) जे 7 गुण मांडले, त्यात पहिला सहवेदना. समुपदेशकाचं खरं काम तिथेच.

समजा, सातवीतल्या मुलाने वर्गमित्राचा डबा लपवला. वर्गशिक्षक अंगठे धरायला लावून मोकळे होतील. समुपदेशक बाई शांतपणे विचारतील, “मग त्याने मधल्या सुट्टीत काय खाल्लं असेल रे?” आणि उत्तराची घाई करणार नाहीत. भरपाई कशी करायची, हेही त्यालाच ठरवू देतील.

सीबीएसईच्या नियमांत समुपदेशक आहे, पण कित्येकदा त्याच बाईंना ऑफ तासाला वर्ग सांभाळायला पाठवतात (तेवढंच काम उरलंय जणू!). शिवाय मुलाने विश्वासाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये पोचलं, की तो पुन्हा तोंड उघडत नाही.